पाटी कुणाची, ते इचारू नका

आमच्या शाळेत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर हेडमास्तर बसत नसत. तिच्यावर पाटी बसायची.

दर शुक्रवारी शाळा सुटली की गुरुपादप्पा मास्तर ती जड सागवानी खुर्ची स्वतः उचलून चौथीच्या वर्गात आणायचे आणि भिंतीला लावून ठेवायचे. तिच्या पाठीला टेकवून एक पाटी उभी करायचे आणि मग आपण आम्हा बाकीच्या शिक्षकांच्या ओळीत, जाजमावर मांडी घालून बसायचे. पाटीवर कुठल्यातरी मुलाचे चुकलेले गणित असायचे, नाहीतर चुकलेले शुद्धलेखन. आम्ही सगळे खाली आणि ती चूक वर. बाहेरून कुणी पाहिले असते तर कसली पूजा चालली आहे असे वाटले असते.

गुरुपादप्पांना सगळे गाव अप्पा म्हणायचे. ते गेल्याचे मला परवा उदगीरच्या बाजारात कळले. हुलसूरकडचा एक बांगडीवाला आहे, त्याने माझ्या हातात बांगड्या चढवता चढवता सांगितले, "तुमचे अप्पा गेले की, बाई. तुमाला ठावं न्हाई व्हय?" मी राहिलेल्या बांगड्या भरून घेतल्या आणि घरी आले. त्यानंतर रोज थोडे थोडे लिहिते आहे. त्यांचे चरित्र मला ठाऊक नाही. जन्म कुठला, शिकले कुठे, लग्न कधी झाले, यातले काही मी कधी विचारले नाही. मला ठाऊक आहेत ते त्यांचे शुक्रवार.

मी सोलापूरची. नवरा दवाखान्यात कंपाउंडर, त्याची बदली त्या गावी झाली. गाव हुलसूरच्या अलीकडे, काळ्या जमिनीतले, तुरीचे आणि जवारीचे. निजामाचे राज्य पोलीस ॲक्शनमध्ये जाऊन वर्ष उलटले होते. शाळेत उर्दू जाऊन मराठी आली होती. मुलींचा वर्ग उघडायचा होता आणि ट्रेनिंग झालेली बाई सापडत नव्हती, म्हणून मला घेतले.

अप्पा उंच होते आणि उंचीची लाज वाटावी तसे थोडे वाकून चालायचे. डोक्याला पांढरा रुमाल, धोतर गुडघ्याच्या फारसे खाली न पोचणारे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. विचार करताना ती डबी मुठीत धरायचे. त्यांना काही विचारले की इतका वेळ गप्प राहायचे, की विचारणाऱ्याला वाटे यांना ऐकूच गेले नाही. मग तो घरी जेवायला बसला असताना अप्पा दारात येऊन उत्तर द्यायचे. त्यांच्या घरात कानडी, गावात मराठी आणि कागदावर उर्दू. कानडी त्यांच्या आईची भाषा, पण कानडी शाळा त्या भागात नव्हती, म्हणून ती त्यांना लिहिता येत नव्हती.

मी वयाने त्यांच्या लेकीएवढी, तरी मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणाले. त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारले, "अक्का, हत्ती कुठं ऱ्हातो?"

माझी परीक्षा घेत आहेत असे वाटून मी सरळ बसले. "जंगलात."

"रंग कंचा?"

"काळा. राखाडी म्हणा."

"आमचा मल्लू काय म्हनला सांगू? हत्ती शेतात ऱ्हातो. रंग पांढरा. आन् वजन इचारलं तर म्हनला, वजन कसलं, फू केलं की उडतोय."

मी हसले. बाकीचे कुणी हसले नाही.

"मी बी हसलो न्हाई," अप्पा म्हणाले. "मला वाटलं पोरगं माझी मस्करी करायलंय. निरगुडीच्या फोकानं सोलून काढलं त्याला. सांजच्याला घरी गेलो तर आई वसरीवर सरकी काढायली व्हती. मला म्हनली, 'हत्ती भाळ बेळ्ळग अद.' कापूस लई पांढरा हाय यंदा." त्यांनी डबी मुठीत धरली. "कानडीत कापसाला हत्ती म्हंत्यात, अक्का. मल्लूच्या घरात कानडी. माझ्या बी घरात कानडी. पर मी खुर्चीत बसलो व्हतो. खुर्चीत बसल्यावर मला आईची भाषा ऐकू आली न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गासमोर मल्लूला सांगितले की तुझे बरोबर होते आणि माझे चुकले. फोक चुलीत गेला. खुर्ची मात्र सरकारी, तिला चुलीत घालता येत नव्हते. मग तिच्यावर पाटी बसली.

शुक्रवारच का, तर निजामाच्या राज्यात शुक्रवारची सुटी असायची. ती आता रविवारी गेली होती आणि मास्तर मंडळींचे मन शुक्रवारी दुपारनंतर शाळेत ठरत नसे. अप्पा म्हणाले, मन लागत नाही तर न लागो, पण मग ते आपल्या चुकांना लावू. शिक्षकांना हे आवडत होते असे मुळीच नाही. व्यंकटराव मास्तर तिसरीला होते, मराठीचे पक्के आणि बोलायला तिखट. ते म्हणायचे, "अप्पा, ही शाळा हाय का पंचायत? पोरगं चुकलं, त्याला बरोबर सांगितलं, झालं की. चुकीची आरती कामून करायली?"

"बरोबर सांगून बी पुन्यांदा चुकतंय म्हून," अप्पा म्हणायचे. आवाज चढायचा नाही आणि माघारही घ्यायचे नाहीत. गावच्या जत्रेच्या शुक्रवारी सगळ्यांना लवकर जायचे होते. अप्पा म्हणाले, "जावा की. मी आन् पाटी बसतो." कुणी गेले नाही. बाहेर सनई वाजत होती आणि आत आम्ही सगळे चिडलेले, 'पाऊस' हा शब्द पहिलीची मुले 'पावस' असा का लिहितात याचा विचार करत बसलो होतो.

त्या बैठकीत एक गोष्ट कटाक्षाने पाळायची असे. पाटी कुणाची, ते विचारायचे नाही. पोराचे नावही नाही आणि मास्तरचेही नाही. कुणी चुकून विचारले की अप्पा बोट उचलायचे. "पाटी कुणाची, ते इचारू नका. कामून चुकलं, ते इचारा." आणि उठायच्या आधी ठरलेला शेवटचा प्रश्न, "मग सोमवारी येगळं काय?" या सवयीवरून मुलांनी त्यांचे नाव येगळंकाय अप्पा असे ठेवले होते. ते त्यांना माहीत होते. एकदा मला म्हणाले, "नाव बरं हाय. पर त्येला बी सोमवारी काय तरी येगळं करून दावाया लागतंय."

चौथीला गणित शिकवायचे कादरमास्तर. ते जन्मभर उर्दूतून शिकवत आलेले. सरकार बदलल्यावर त्यांनी मराठी बाराखडी मुलांच्या शेजारी बसून गिरवली. अक्षर आमच्यापेक्षा सुरेख. त्यांचे थोरले भाऊ पोलीस ॲक्शननंतर बायकामुले घेऊन हैदराबादेस गेले. कादरमास्तर गेले नाहीत. "मैं कायकू जाऊं? मेरी चौथी इधर है," म्हणाले.

मी यायच्या थोडे आधी डिप्टीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, येऊन गेले होते. पोलीस ॲक्शननंतर पुण्याकडून पाठवलेल्या अधिकाऱ्यांपैकी ते एक. माणूस घाईचा, पण वाईट नव्हे. चौथीला त्यांनी काही संख्या सांगितल्या आणि लिहायला लावल्या. बहुतेक पाट्यांवर खडूने फुली मारली. जाताना अप्पांना म्हणाले की चौथीतल्या मुलांना तीन आकडी संख्या लिहिता येत नाही, हा शिक्षक मराठी शाळेत चालायचा नाही. त्याचे नाव अयोग्य म्हणून लिहून पाठवा, दुसरा माणूस देतो. अप्पा गप्प राहिले. साहेबांनी त्या गप्प राहण्याला होकार समजू नये म्हणून शेवटी म्हणाले, "सुगीनंतर तुमची फेरी हाय. तवर थांबा."

साहेब गेल्यावर मास्तरांनी पाट्या पाहिल्या तर सगळ्या संख्या बरोबर.

ही गोष्ट कुणालाच कळेना. कादरमास्तर स्पष्ट म्हणाले, "मेरा नाम कादर है, इसलिए. और कुछ नहीं." व्यंकटराव म्हणाले, साहेब गेल्यावर यांनीच पाट्या दुरुस्त केल्या असतील, एकापायी सगळ्या शाळेचं नाव जायलंय. दोघांचे वाजले. अप्पांनी दोघांचेही ऐकून घेतले. "आसंल. तसं बी आसंल, आसं बी आसंल. पर पाटीला आजून इचारलं न्हाई." त्यांनी फुली असलेली एक पाटी ठेवून घेतली. ती एका शुक्रवारी खुर्चीवर बसली, कुणाला काही उमगले नाही. "उमगल्याबिगर पुसायची न्हाई," अप्पा म्हणाले आणि ती पाटी फडताळात गेली. पुढच्या शुक्रवारी पुन्हा खुर्चीवर आली.

मी तेव्हा नुकतीच या बैठकीत बसू लागले होते आणि तोंड उघडले नव्हते. ज्याचा वर्ग त्याने पाटी वाचायची नाही, असा तिथला रिवाज होता. अप्पा माझ्याकडे वळले. "अक्का, तुमी वाचा. काय आसाया पायजे ते नका वाचू. काय हाय ते वाचा."

मी पाहिले. मधोमध एक संख्या, तिच्यावर फुली. मी वाचले, "चौपन्न."

"पाचशे चार, बाई," कादरमास्तर म्हणाले.

"इथे चौपन्न आहे."

"बीच में क्या है?"

"काही नाही. पाटीला ओरखडा आहे."

कादरमास्तर उठले, खुर्चीपाशी गेले, पाटीवर बोट ठेवले आणि तसेच उभे राहिले. पाच आणि चारच्या मध्ये लेखणीने टेकवलेला एक बारीक ठिपका होता.

"या अल्ला," ते म्हणाले. "नुक्ता!"

उर्दू आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका. मुले पहिली-दुसरी उर्दूत शिकली होती. आकडे मराठी झाले, शून्य उर्दूतच राहिले. आणि आमचे सगळे मास्तर उर्दू शिकलेले, त्यांना तो ठिपका शून्यच दिसत होता. अप्पांनाही. व्यंकटरावांनाही. मुलांचे चुकते आहे हे न दिसण्याइतके ते मुलांसारखे होते. त्या ठिपक्याचा ओरखडा दिसायला सोलापूरहून उर्दू न आलेली बाई यावी लागली, किंवा पुण्याहून साहेब.

व्यंकटरावांनी पाटी जवळ घेऊन पाहिली. मग कादरमास्तरांना म्हणाले, "मी बी बरोबर वाचलो की हो." माफी म्हणून त्यांना तेवढेच जमण्यासारखे होते.

"मग सोमवारी येगळं काय?" अप्पांनी विचारले.

सोमवारपासून शून्य मोठे, गोल, ठसठशीत काढायचे ठरले. कादरमास्तरांनी फळ्यावर पुरीएवढी शून्ये काढली. मुलांनीही काढली. आम्हाला वाटले संपले. त्या शुक्रवारी अप्पांनी खुर्चीवर ठेवलेल्या पाटीवर पन्नास लिहिलेले होते, छान गोल शून्यासकट, आणि आज त्यांनी पाटीबरोबर मल्लूलाही बोलावले होते.

"वाच रं."

"पंचावन्न," मल्लू म्हणाला.

"कसं काय पंचावन्न?"

मल्लूने आमच्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "ह्यो मराठीतला पाच. ह्यो उर्दूतला पाच."

उर्दूतला पाचाचा आकडा गोल असतो. आम्ही ठिपका काढून टाकला आणि त्याच्या जागी पाच आणून बसवला होता. अप्पा हसू लागले, ते डबी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी त्यांना असे हसताना पुन्हा पाहिले नाही. कादरमास्तर मात्र हसले नाहीत. सुगी जवळ आली होती. त्यांनी जाजमावरच्या धुळीत बोटाने रेघा ओढायला सुरुवात केली होती. एकाला एक लागून तीन चौकोन.

"ये घर समझो," ते म्हणाले. "हे एकाचं घर, हे दहाचं, हे शंभराचं. पाचशे चार म्हंजी शंभराच्या घरात पाच माणसं, एकाच्या घरात चार. मधलं घर खाली. खाली है तो क्या, घर तो है. दुसऱ्यानं त्यात शिरायचं न्हाई. म्हून दाराला कडी लावायची." त्यांनी मधल्या चौकोनात एक गोल कडी काढली. "कडी हाय, पाच न्हाई. लेकरांनी तोंडानं म्हनायचं. घर रिकामं हाय, पर घर हाय."

त्यांचे बोट त्या कडीवरच राहिले. त्यांच्या घराला लागून त्यांच्या थोरल्या भावाचे घर होते, आणि ते तेव्हापासून कुलपात होते. हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होते. व्यंकटरावांनी जाजमाचा कोपरा नीट केला. अप्पा म्हणाले, "हेच करू. पर एक सोमवार करून भागायचं न्हाई. रोज करायचं आन् दर शुक्रवारी बगायचं."

तसेच झाले. अंगणात वाळू पसरली. मुले घरे आखायची, खडे ठेवायची, रिकाम्या घराला कडी घालायची आणि ओरडायची, घर रिकामं हाय, पर घर हाय. ते तिसरीतून ऐकू यायचे, माझ्या मुलींच्या वर्गातूनही. काही मुले महिनाभर कडी विसरायची. अप्पा त्यांच्या पाट्या खुर्चीवर ठेवायचे आणि आम्ही पुन्हा विचार करायचो. आमच्यातल्या कुणालाही एव्हाना कंटाळा आला असता आणि आलाही होता. अप्पांना आला नाही.

त्याच दिवसांत माझ्या वर्गाची पाळी आली. मुली सकाळी यायच्या आणि दुपारच्या सुटीत घरी गेल्या की परत येत नसत. मास्तर मंडळींनी कारणे सांगितली. तुरीची कामे, लहान भावंडे, आईबापांची हौस कमी. मला खरे कारण ठाऊक होते आणि ते पुरुषांसमोर सांगता येत नव्हते. मी खाली पाहत राहिले. कामून विचारल्याशिवाय ज्यांना पाणी गिळत नसे ते अप्पा माझ्याकडे पाहून थांबले. मग म्हणाले, "अक्का, कामून ते सांगू नका. फकस्त येगळं काय करायचं, तेवढं सांगा."

मी म्हटले, "शाळेच्या मागे, बाभळीच्या बाजूला, आडोसा हवा."

त्या रविवारी अप्पा आणि कादरमास्तर दोघांनी मिळून तुराट्यांचा कूड बांधला. हेडमास्तर खांद्यावर तुराट्यांचा भारा घेऊन भर रस्त्याने चाललेले लोकांनी पाहिले आणि विचारले, काय अप्पा, गोठा घालायलाव का? अप्पा म्हणाले, "शाळा बांधायलो." मुली दुपारनंतर थांबू लागल्या. तो कूड दर पावसाळ्यात पडायचा आणि दर पावसाळ्यानंतर अप्पा तो पुन्हा उभा करायचे.

सुगी झाली आणि डिप्टीसाहेब आले.

ते थेट चौथीत गेले. आम्ही सगळे आपापले वर्ग सोडून दारात उभे राहिलो, हे अप्पांच्या शाळेत एरवी कधी घडत नसे. साहेबांनी संख्या सांगितल्या. सहाशे तीन. सातशे सात. दोनशे ऐंशी. मुले ओठ हलवत, मनात घरे आखत लिहीत होती. साहेब ओळीतून फिरले. मग शेवटच्या रांगेत थांबले, एक पाटी उचलली आणि वर धरली. तिच्यावर सहा आणि तीनच्या मध्ये पुन्हा ठिपका होता.

"ही पाटी कुणाची?"

कादरमास्तरांचा चेहरा मला दिसत होता. त्यांनी डोळे मिटले होते.

"शाळेची, साहेब," अप्पा म्हणाले.

"मुलगा कुणाचा, ते विचारतोय. कुणी शिकवलं याला?"

"शाळेनं."

"हेडमास्तर, मी तुमच्याकडे एक नाव मागितलं होतं."

"व्हय. मागितलं व्हतं. नाव पायजेच आसंल तर माजं लिवा. गुरुपादप्पा, हेडमास्तर. अयोग्य." अप्पा शांत होते. "ह्या शाळेत कोन काय शिकवायलंय ते बगायचं काम माजं. माज्या बिगर दुसऱ्याचं नाव मी द्यायचो न्हाई. पर लिवायच्या आदी एक पाटी वाचा. काय हाय ते वाचा."

त्यांनी फडताळातून ती जुनी पाटी आणली आणि साहेबांसाठी मांडलेल्या खुर्चीवर ठेवली. तिच्यावरची साहेबांची फुली अजून होती. साहेबांनी वाचले, "चौपन्न."

"पाचशे चार हाय साहेब," कादरमास्तर हळू म्हणाले, आणि बोटाने ठिपका दाखवला. उर्दूतले शून्य त्यांनी तिथेच फळ्यावर काढून दाखवले. उर्दूतला पाचही काढला. मल्लूचा पंचावन्न सांगितला, घरे आणि कडीही सांगितली. साहेबांना आधी हसू आले आणि मग ते हसू ओसरले. ते पाटीवर वाकले.

"म्हणजे त्या दिवशी सगळ्यांचं बरोबर होतं?"

त्या वेळी अप्पांनी नुसते व्हय म्हटले असते तरी पुरे होते. सगळा वर्ग त्या एका शब्दाची वाट पाहत होता. व्यंकटराव तर पुढे सरकले होते.

"न्हाई साहेब," अप्पा म्हणाले. "चुकलंच व्हतं. तुमाला वाचता आलं न्हाई म्हंजी चुकलं. लेकरांनी लिवायचं ते दुसऱ्याला वाचता यावं म्हूनच की. पर ते कामून चुकलं, ते आमाला ह्या पाटीनं सांगितलं. ती जर तवाच पुसली आसती आन् मास्तर बदलला आसता, तर नवा मास्तर आला आसता आन् ठिपका हितंच ऱ्हायला आसता."

साहेब खुर्चीकडे पाहत होते. बसायला खुर्ची आणि तिच्यावर पाटी, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले असावे. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि आपली फुली पुसायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले. "ती बी आसू द्या."

साहेबांनी रुमाल परत ठेवला. ज्या मुलाने ठिपका दिला होता त्याच्याजवळ जाऊन खाली बसले, त्याला पाटीवर घरे आखायला लावली आणि मधल्या घरात काय आहे ते विचारले. मुलगा घाबरलेला होता, तरी त्याने सांगितले, "घर रिकामं हाय, पर घर हाय." साहेबांनी त्याच्याकडून कडी काढून घेतली. कादरमास्तरांचे नाव पुन्हा कुणी मागितले नाही. त्या शुक्रवारी खुर्चीवर त्याच मुलाची पाटी होती. व्यंकटराव म्हणाले, आज तर सुटी द्या अप्पा, जिंकलो आपण. अप्पा म्हणाले, "एक चुकलंय ना अजून."

पुढची वर्षे अशीच गेली. बढतीसाठी अप्पांचे नाव कधी कुणी सुचवल्याचे ऐकले नाही. कौतुक करणे त्यांना जमत नसे. माझ्या वर्गातल्या मुलींपैकी पहिली मुलगी सातवी पास झाली तेव्हा ते मला एवढेच म्हणाले, "बाकीच्या कामून ऱ्हायल्या?" मी घरी जाऊन रडले. आता वाटते, त्या बाकीच्या मुलींबद्दल त्या गावात आणखी कुणीच विचारले नव्हते.

मग हैदराबाद राज्य मोडले. आमचे गाव म्हैसूर राज्यात गेले आणि उदगीर मुंबई राज्यात. नवऱ्याची बदली उदगीरला झाली. निघायच्या आदल्या दिवशी मी शाळेत निरोप घ्यायला गेले. वार शुक्रवार होता. शाळेत आता कानडीचा वर्ग उघडला होता आणि गुलबर्ग्याकडचा एक तरुण मास्तर त्यासाठी आला होता.

मी दारातच थांबले. जाजमावर ओळ बसली होती. व्यंकटराव, कादरमास्तर, तो नवा मास्तर आणि कडेला अप्पा. रुमालातून पांढरे केस बाहेर आलेले. खुर्चीवर पाटी होती आणि तिच्यावर कानडी अक्षरे. मला ती वाचता येत नव्हती. एवढे दिसत होते की अक्षर थरथरत्या हाताचे आहे, मोठे, पहिलीतल्या मुलासारखे.

कानडी वाचणारा नवा मास्तर एकटाच, म्हणून पाटी त्यानेच वाचायची होती. तो जपून जपून मराठी बोलत होता. "हति," त्याने वाचले. "असा शब्द नाही. हत्ती लिहायचं होतं, कापूस. त च्या खाली आणखी एक त जोडायला पाहिजे, तो राहिलाय." तो पाटीकडे वाकला. "ही पाटी कुणाची?"

 मग कादरमास्तर म्हणाले, "वो नक्को पूछो, मास्तर. इधर पूछते नहीं."

"पण कानडीचा वर्ग माझा आहे, आणि माझ्या वर्गात हे अक्षर कुणाचं..."

"कामून चुकलं, ते इचारा," व्यंकटराव म्हणाले. ते सरळ पाटीकडेच पाहत होते, शेजारी बसलेल्या माणसाकडे नाही. "मी सांगतो कामून. जलमभर बोलला, लिवायला कुनी शिकवलं न्हाई. म्हून."

अप्पांची बोटे लेखणीच्या चुऱ्याने पांढरी झाली होती. त्यांनी डबी मुठीत धरली. नवा मास्तर ओले फडके घेऊन उठला तसे त्यांनी बोट उचलले, आणि तो थांबला.

"व्हय, तसंच आसंल," अप्पा म्हणाले. "मग सोमवारी येगळं काय?"